पिवळा की नारिंगी

रविवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा पहिले! झेंडे शोधायच्या शर्यतीत, पिवळ्या मार्गावर, पुन्हा आम्हीच – मी आणि आबा. बावन्न मिनिटं. आनंद व्हायला हवा होता. परतूरला येणाऱ्या बसमध्ये टेकले आणि गुडघे जे ठणकायला लागले ते अजून थांबले नाहीत.

सकाळी राजानंद सरांनी नव्या मुलांना सगळं पहिल्यापासून समजावलं. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले तरी आवाज अजून मैदानावरचाच. नकाशा घ्या, होकायंत्र घ्या, झेंडे क्रमाने शोधा, प्रत्येक झेंड्यापाशी कार्डाला भोक पाडा. पांढऱ्या मार्गाचे झेंडे वाटेवरच. पिवळ्याचे वाटेपासून थोडे आत. नारिंगीत वाट सोडायची. हिरव्याचं नावच नको. पांढऱ्या-पिवळ्यात जोडीने पळता येतं, नारिंगीपासून पुढे एकट्याने. मला हे सगळं पाठ आहे. दोन वर्षं ऐकते आहे.

बक्षीस घेताना सुमेधा शेजारी. कायमची दुसरी ती. म्हणाली, "ताई, तुमी अजून किती दिवस पिवळ्यातच? आमी कधी पहिलं यायचं मंग?" हसून म्हणाली. पण म्हणाली.

सरही म्हणाले, "डिसेंबरात मंठ्याला नारिंगी घ्या, वंदनाताई. इथं तुमचं शिकून झालं."

चौथ्या झेंड्याच्या आधी आबांना ठसका लागला होता. थांबले, पाणी दिलं. बरं झालं थांबले – सहज नकाशाकडे पाहिलं तर मी भलत्याच बांधाला लागले होते!

सोमवार, १३ ऑक्टोबर

पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला. कॉलेजात कुणाला कळू दिलं नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू आहे. दिवसभर शिडीवर. घरी आले तर कणीक भिजवायची राहिलेली, आणि कल्याण विचारतात, "चेहरा असा का गं?" काय सांगू? चेहरा असाच आहे आता. शेहेचाळीसचा.

त्यांना सरांचं सांगितलं. जालन्याहून फॅक्टरीतली पाळी करून आलेले, डोळे मिटत होते. तरी लगेच म्हणाले, "तू नारिंगीत गेली की आबांचं कसं?"

तेच तर.

आबा आमच्याकडे, लेकीच्या घरी, आले त्याला पाच वर्षं झाली. आई गेली, मेंढरं विकली. कोंबड्याच्या आधी उठायची सवय, आणि इथे उठून जायचं कुठे? गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि तिथेच उभे राहायचे. शर्यतीला पहिल्यांदा नेलं ते केवळ हवापालट म्हणून. नकाशा पाहून म्हणाले होते, "कागदावर कुठं जमीन राहती का?" अजूनही हातात धरत नाहीत. पण वर्षातले हे तीन-चार रविवार आले की आदल्या दिवशी चपलांना तेल लावतात. मी त्यांना झेंड्यांच्या खुणांची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवते – ओढ्याचं वळण, मोठा दगड, एकटी बाभूळ – म्हणजे त्यांनाही वाटावं, आपण खेळतो आहोत. बाकी ते माझ्या मागे दहा पावलांवर. पंचाहत्तरी जवळ आली, पण दमत नाहीत. दमते मी!

फक्त तो खोकला. एकदाच, कोरडा. उद्या जालन्याला दाखवून येते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा यांची छाती बरी आहे. आबा बसमध्ये मला म्हणाले, "मी म्हणलं न्हवतं? बिलकुल काय न्हाई." मग आणलं कशाला, असं तोंड करून बसले.

कल्याण म्हणतात, "मी तर घरी कधी त्यांचा खोकला ऐकला न्हाई." खरंच की. माळावरची धूळ असेल.

रविवार, २ नोव्हेंबर

इथे खरं लिहिते. आबांचं निमित्त आहे. त्यांना सोडून कसं जाऊ, असं सगळ्यांना सांगते आणि आतून मला जायचं आहे. एकटीने. मागे कुणी नको. घरात मागे कुणीतरी असतं, कॉलेजात असतं – मॅडम, हे कुठे, मॅडम, ते कुठे. एक सकाळ अशी हवी की माझ्या मागे कुणाचंच पाऊल वाजणार नाही. आणि चुकले तर माझं, सापडलं तर माझं.

लिहिलं आणि लाज वाटली. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसलेत. माझ्यासाठी दाणे वेगळे काढतात – भाजलेले, साल काढून.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सांगितलं एकदाचं.

"जा की," आबा म्हणाले. "मी बसंन चहाच्या गाड्यावर."

मग – "मंठ्याच्या अलीकडली टेकडी ना? तिथं मी तीस वर्सं मेंढरं वळली. तिथला वरल्या अंगाचा ओढा फसवा हाय बघ. तो–"

"आबा, नका सांगू. ते नियमात बसत नाही."

"बरं." उठता उठता म्हणाले, "मी लई मागं राहून येतो. दिसणारबी न्हाई कुणाला."

"आबा!"

"बरं बरं."

किती चिडले मी! एवढ्याशा गोष्टीवर! रात्रीच्या भाकरी जाड झाल्या.

शुक्रवार, ५ डिसेंबर

फॉर्म भरला. नारिंगी. जोडीदाराची जागा रिकामी सोडली. सरांचा लगेच निरोप – शाब्बास!

शनिवार, १३ डिसेंबर

आबांनी चपलांना तेल लावलं. उद्या नुसतं बसायचं आहे, तरी.

सोमवार, १५ डिसेंबर

काल लिहिण्याचं त्राण नव्हतं. आज रजा टाकली आहे. लिहून काढते.

पहिले दोन झेंडे सापडले. धावत, हसत! थंडी होती, माळ पिवळा पडलेला, खाली वावरांत तूर. आणि मागे कुणी नाही. मला वाटलं, हेच, हेच हवं होतं.

तिसरा – दोन ओढे मिळतात तिथे, पळसाखाली. मोठ्याने वाचलं. सवयीने! मग ओढ्यात उतरले. उतार सोपा होता, पाय आपोआप चालत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दुसरा ओढा काही येईना. पळस ढीगभर, झेंडा कुठेच नाही. तरी चालत राहिले. आणि मध्येच थांबले. का थांबले, ते कळेना. कान देऊन उभी होते. कशाची तरी वाट पाहत होते.

खोकल्याची!

दोन वर्षं असंच झालं आहे. आबा खोकणार, मी थांबणार, पाणी देणार, ते दुसरीकडेच बघत घोट घेणार, मी तेवढ्यात नकाशा पाहणार – आणि चूक सापडणार. दर वेळी मला वाटलं, नशीब, थांबले. एकदाही वाटलं नाही की हा खोकला बरोबर माझ्या चुकीवरच कसा येतो!

तिथेच दगडावर बसले. रडले नाही. रडायलाही जोर लागतो.

पुढे काय? पोलीस भरतीची तयारी करणारी दोन मुलं धावत आली, "मावशी, चौथा कुठंय?" म्हणून मलाच विचारून धावत गेली. मी माघारी चढले. सात झेंड्यांपैकी दोन. दोन तास चाळीस मिनिटं. कार्ड पाहून सरांनी नुसती पाण्याची बाटली पुढे केली. तेच जास्त लागलं.

आबा चहाच्या गाड्यावर नव्हतेच. शर्यत संपते त्या दोरीपाशी उभे. चहावाला म्हणाला, "बाबा सकाळपासून असेच हैत. बसा म्हणलं तर बसंनात."

येताना मंठ्याच्या पुढे बस थांबली. रस्ताभर मेंढरं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मेंढरांच्या मागे एक माणूस, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पण काठी उचलतही नव्हता. नुसता खोकला. एकदाच, कोरडा. पुढची मेंढी रस्त्याच्या कडेला वळली, तिच्यामागे सगळी.

मी लहानपणी हे रोज पाहिलं आहे. हाक मारायला शीळ आणि वळवायला खोकला. विसरले कशी?

आबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आबा, तुम्ही मुद्दाम खोकायचात?"

काच थोडी सरकवली. मग म्हणाले, "तोंडानं सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, माय. ल्हानपणापासून तसंच हाय तुझं." आणि थोड्या वेळाने, "मेंढरालाबी बोललेलं आवडत न्हाई."

"पण तुम्हाला झेंडे कुठे आहेत, कसं कळायचं? नकाशा तर बघत नाही तुम्ही."

"तूच तर वाचून दाखवती. ओढ्याचं वळण म्हणली की ओढा कुठं असंल ते जमीन सांगतीच की."

मंगळवार, १६ डिसेंबर

शोकेसमधली सहा पदकं काढून कपाटात ठेवली. काचेवरच्या धुळीत सहा गोल स्वच्छ डाग राहिले. तेही पुसले.

शनिवार, २० डिसेंबर

राग कुणाचा येतो आहे? आबांचा? त्यांनी फसवलं नाही. माझा? मी तरी कुठे फसवलं? जोडीने पळायचं तर जोडीने पळालो. नियमात बसतं. तरी रोज शिडीवर चढताना वाटतं, या बाईला काय येतं? घर, कॉलेज, सगळंच कुणीतरी मागून वळवत असेल आणि ही आपली पुढे, छाती काढून!

सुमेधाचा निरोप – "ताई, पहिल्यांदा असंच होतं. या परत पिवळ्यात, तुमच्याबिगर करमत न्हाई." दोनदा वाचला. टोमणा शोधत होते. नव्हता.

सोमवार, ५ जानेवारी

फेब्रुवारीत घनसावंगीला शर्यत. सरांचा फोन. "नारिंगीच ठेवू ना? एका हरण्यानं मागं फिरायचं नसतं."

विचार करून सांगते म्हटलं. नारिंगी घेतली तर परत तोच ओढा, दुसऱ्या नावाचा. पिवळा आबांबरोबर घेतला तर पहिली येईन – आणि पदक कुणाचं ते मला ठाऊक असेल. पांढरा? शाळकरी पोरांत?

अंग गरम होतं, मग गार. या वयाचं हे एक. सगळंच सोडून द्यावं, रविवारी नुसतं झोपावं, असंही वाटतं. पण मग चपलांना तेल कोण लावणार?

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. आबांनी तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाले, "पिवळीच धर फेब्रुवारीला. मी येतो. बिलकुल खोकणार न्हाई, शपथ."

हसूच आलं. महिन्याभरात पहिल्यांदा. त्यांना नाही जमणार. मी चुकताना पाहिलं की तो घशातून येणारच. चाळीस वर्षांची सवय आहे.

"आबा, मी पिवळाच घेणार. पण एकटी."

माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाही नवं होतं. आबांनी तीळ चावले. दात कमी, वेळ लागतो.

"मंग मी काय करू?"

तिळगुळाचा डबा उचलून मी आत गेले.

रविवार, १८ जानेवारी

सरांना फोन केला. पिवळा, एकटी. "खाली उतरताय?" त्यांनी विचारलं. खाली नाही, सर, पहिल्यांदाच पळते आहे, असं मनात म्हटलं. त्यांना सगळं सांगूनही टाकलं. खोकल्याचं, पदकांचं. मोठमोठ्याने हसले. मग हसणं थांबलं. म्हणाले, "आदल्या दिवशी झेंडे लावायला मला जमिनीचा माणूस लागतो. बाबांना पाठवता का?"

आबांना विचारलं तर म्हणाले, "त्यो सुभेदार? बघू." आणि चपला शोधायला उठले. अजून तीन आठवडे आहेत!

शनिवार, ७ फेब्रुवारी

आबा दिवसभर सरांबरोबर माळावर. संध्याकाळी आले ते पायाला काटे, चेहरा लाल, तोंडात सरांच्या चुका – "त्याला ओढा आन् घळ यातला फरक कळत न्हाई, कसला सुभेदार!" सगळे झेंडे कुठे आहेत ते त्यांना माहीत. जेवताना मी मुद्दाम विचारलं, "पाचवा कुठंय, आबा?"

"सांगणार न्हाई. ते बराबर न्हाई." आणि भाकरीत तोंड घातलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

सुमेधा पहिली. मी अकरावी. सहाव्या झेंड्याला भलत्याच बांधाने निघाले होते. कुणीतरी खोकलं. थांबले, मागे पाहिलं, पाण्याच्या बाटलीला हातही गेला – माळावर कुणी नव्हतं.

मीच खोकले होते.