किहीमच्या समुद्राला वार्निश

१२ जुलै २०२४, सकाळ
आमच्या सौ. वसुधाचे गुडघे? रात्री शेकले, आज जिना उतरली. कारखान्यातल्या दोस्ताची, आनंद नगरच्या गौरांगची शुगर? गोळी विसरतो, जिलबी विसरत नाही. कमलिनी मॅडमची कंबर? विचारायची राहिली. अलिबागच्या एस्तेरबाईंचे डोळे? ते मात्र उतरणीलाच लागलेत. मी ठणठणीत. कालपासून डिझायनर आहे.

इथे भोपाळच्या जुन्या नवाबी कोठीत यहुदी चित्रकारांचं प्रदर्शन. मंडळाच्या गणपतीची आरास मी करतो म्हणून ट्रस्टच्या कमलिनी मॅडमनी मांडणी माझ्याकडे दिली. बाकीच्यांची तैलचित्रं. एस्तेरबाईंच्या वडिलांची तेवढी कागदावर, जलरंगात. ड्रॉइंग मास्तर होते. चित्रं जन्मभर ट्रंकेत. बाई फोनवर म्हणाल्या, दिसेनासं व्हायच्या आत बाबांना एकदा भिंतीवर बघायचंय. मी इंग्रजी जुळवून बसलो होतो. बाई थेट आमच्या मावशीसारखं मराठी बोलल्या.

१८ जुलै
कोठीच्या भिंतींना ओल. कागद पापडासारखे वाकू लागलेत. मॅडम म्हणाल्या, दिल्लीहून जाणकार येतोय, तोवर हात लावू नका. पटलं. निश्चय: विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

२१ जुलै
विचारायला कुणी जागेवर नव्हतं. जन्मभर कारखान्यात मोटारींच्या कॉइलला वार्निश पाजलं, ओल आत शिरायची बिशाद नव्हती. कागदाला वेगळं काय लागतं? वार्निशचा डबा गौरांगच्या घरी सापडला. तो म्हणाला, दादा, आधी एखाद्या कोपऱ्यावर बघा. पहिल्यापासून भित्रा. किहीमचा समुद्र, त्यांच्या प्रार्थनेतल्या मलिद्याचं ताट, नऊवारीतली आजी, सगळ्यांना एकेक हात दिला.

२३ जुलै
रंग खोल झालेत. आभाळ जरा चहासारखं. जुन्या चित्रांना असा भारदस्तपणा असतोच. वसुधा म्हणाली, भज्यांचा कागद दिसतोय. तिला कलेतलं कळत नाही.

२७ जुलै
वाळत नाही. हवाच तशी. समुद्रावर चिलटं चिकटली. लांबून पक्षी वाटतात.

३० जुलै
जाणकार आला. बघितलं, चष्मा काढून पुसला, मॅडमना बाहेर नेलं. आत आल्यावर मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. कंबर दुखत असेल. दिवे मंद करायचं ठरवलं.

४ ऑगस्ट, रात्री
उद्‌घाटन. शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणून रविवार मीच सुचवला होता. डिझायनरला सगळं बघावं लागतं.

एस्तेरबाई आल्या. बाबांची भिंत कुठली, विचारलं. मी हात धरून नेलं. मंद उजेडात त्यांना चौकटीच दिसल्या. समुद्र तसाच आहे ना, विचारलं. मी म्हणालो, तस्साच. त्या अगदी जवळ गेल्या, नाक टेकेपर्यंत. मग हळूच म्हणाल्या, बाबा रंग पाण्यात कालवायचे हो, त्या रंगांना वास नसायचा.

खुर्ची आणून दिली. बसल्या नाहीत.

९ ऑगस्ट
चित्रं परत गेली. एस्तेरबाईंना पत्र लिहिलं. आधी लिहिलं, भोपाळच्या दमट हवेनं असं झालं. ते खोडलं. वार्निश मी लावलं, कुणाला विचारलं नाही, आणि तुम्हाला खोटं बोललो, एवढंच ठेवलं. खाली लिहिलं, शिव्या लिहा, काहीही लिहा; दिसत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्या. पण उत्तर लवकर पाठवा.