एंटर दाबण्याआधी

कुंभकोणम्,
रविवार

प्रिय शशांक,

सुखरूप पोहोचलास ते कळलं. तुझा मेसेज मिळाला, त्याच्याखालची प्रश्नचिन्हांची रांगही मिळाली. फोनवर उत्तर का देत नाही म्हणून चिडू नकोस. हे सगळं कागदावर का लिहितेय ते शेवटी सांगते. आणि आधी शेवट वाचायचा नाही, बरं का! तुझी सवय मला ठाऊक आहे. मॅन्युअलसुद्धा तू मागून पुढे वाचायचास.

आपल्या नियमानेच सुरुवात करते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकून परत म्हणायचं, मगच एंटर दाबायचं. चेन्नईच्या त्या मशीन रूममध्ये आपण दोघे नवे होतो, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून बसायचो, तेव्हा हा नियम मी काढला आणि तू मला हेडमास्तरीण म्हणालास. पुढे सगळ्यांनीच तो उचलला. पण परवा दारासुरम्‌च्या देवळाबाहेर बसची वाट बघताना तू विचारलंस आणि मी काही परत म्हटलं नाही. बस आली, बस आली, म्हणत पुढे पळाले. म्हणून आता म्हणते, नीट ऐकलंय का ते सांग. तू म्हणालास, शिवकामी, आपण लग्न करू या, आणि तू पुण्याला चल, माझ्या घरी राहायला. असंच ना? अय्यो, साठीला टेकलेल्या बाईला असं भर रस्त्यात विचारतात का रे? शेजारी तो रेशमाचं गाठोडं घेतलेला विणकर उभा होता. त्याला मराठी कळत नसावं अशी मी अजून आशा धरून आहे.

तुझा दुसरा प्रश्न कामाचा होता. मोठ्या मशीनवर कोणतं लिनक्स टाकलं आणि का, हे साहेबांना लिहून पाठवायचंय. तो आधी उरकते, कारण तो सोपा आहे. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही समजेल असं लिहिते, म्हणजे आपल्या साहेबांनाही समजेल.

आपली विमा कंपनी जुनी. चेन्नईतलं मेनफ्रेम, म्हणजे ते मोठं मशीन, आपण नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासूनचं. बाहेरचं यंत्र अधूनमधून बदललं, आतले प्रोग्रॅम तेच. कितीतरी घरांच्या पॉलिसी त्यावर चालतात, आणि मी इथे पट्टीश्वरम्‌च्या रस्त्यावरच्या ऑफिसात, नारळाच्या बागेशेजारी बसून ते लांबूनच, लाइनवरून सांभाळते. नवे साहेब आले आणि म्हणाले, जुनं बंद करा, सगळं नव्या यंत्रांवर हलवा. मी म्हटलं, का म्हणून? एवढ्या मोठ्या मशीनमधला एक हिस्सा वेगळा काढता येतो. त्याचे प्रोसेसर वेगळे, त्याची मेमरी वेगळी. त्या हिश्शात लिनक्स टाका आणि नवी कामं तिथे करा. जुनं आपल्या जागी चालू राहू दे. एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि एकमेकांशी बोलायचं झालं तर दोघे भिंतीला भिंत लावून आहेत. साहेबांना पटलं, आणि सल्लागार म्हणून त्यांनी नेमकं तुलाच पाठवलं. मी काही तुझं नाव सुचवलं नव्हतं. बरं, सुचवलं होतं.

रेड हॅट, सुसे, उबुंटू हे लिनक्सचे तीन प्रकार, तिघेही या मशीनवर नीट चालतात. तेव्हा चांगलं कोणतं हा प्रश्नच नव्हता, आपल्या घरात नांदेल कोणतं हा होता. आपलं मशीन त्यांच्या यादीत आहे का, आपला डेटाबेस बनवणारे कोणत्या आवृत्तीची हमी देतात, दुरुस्त्या किती वर्षं मिळत राहतील, हे मी बघितलं. आणि सगळ्यात शेवटी हे, की उद्या काही बिघडलं तर धावणार कोण? तू पुण्याला जाणार, मी निवृत्त होणार. धावणार आमच्या ऑफिसातली जननी, आणि त्या पोरीने आधीच्या नोकरीत सुसे सांभाळलंय. म्हणून सुसे. तुझा जीव उबुंटूवर, कारण घरी तू तेच वापरतोस. नुसती तुझी सवय धरून निवड करायची नाही म्हटल्यावर तू दुपारभर फुरंगटून बसलास. जननीने मला हळूच विचारलं, सर आजारी आहेत का?

मग डिस्क कोरी करून तयार करायची वेळ आली. हिस्सा नुकताच काढलेला, कोणाला कोणती डिस्क दिसावी याची कुंपणं अजून घातली नव्हती. तू भराभरा पत्ता टाइप केलास आणि बोट एंटरवर नेलंस. मी म्हटलं, वाच. तू म्हणालास, आता कशाला, आपण काय नवे आहोत? मी म्हटलं, वाच. तू वाचलास, मी परत म्हटला, आणि दोघांचेही चेहरे उतरले. एक आकडा चुकला होता, आणि तो पत्ता शेजारच्या डिस्कचा होता, जुन्या पॉलिसींच्या. एंटर दाबलं असतंस तर ती डिस्क धुऊन निघाली असती. बॅकअप होता, मान्य, पण ते सगळं परत आणेपर्यंत आपली काय अवस्था झाली असती! तू खुर्ची मागे सरकवलीस, चष्मा पुसलास आणि म्हणालास, हेडमास्तरीण, तूच टाइप कर. तेव्हा मला तू फार आवडलास. आता लिहायचं म्हटलंय तर हेही लिहिते.

दुसरी गंमत झाली ती तू साहेबांना कळवणार नाहीस, पण मला फार दिवस पुरेल. पुण्याहून तू लॅपटॉपवर सगळ्या सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधून आणली होतीस. इथे ठेवायचं आणि चालू करायचं, बस्स, असा तुझा तोरा. ठेवली, आणि एकही चालेना. लिनक्स तेच, नाव तेच, आवृत्ती तीच, पण बांधलेलं साध्या संगणकाच्या प्रोसेसरसाठी. या मशीनचा प्रोसेसर वेगळा, त्याला ते कसं उमगणार? उभा जन्म मेनफ्रेमवर काढलेला माणूस हे विसरला! जननी तोंडावर ओढणी धरून हसत होती. शेवटी मूळ कोड आणला आणि सगळं इथेच, याच मशीनवर नव्याने बांधलं. मग मात्र एकदा सुरू झालं ते झालं, अजून एक तक्रार नाही. साहेबांना एवढं जरूर लिही की हव्या त्या सॉफ्टवेअरचं या मशीनसाठी बांधलेलं रूप मिळतं का, ते आधी बघायचं, आणि मिळत नसेल तर इथे बांधायला वेळ राखून ठेवायचा.

कामाचं संपलं. आता आईचं. अप्पा गेल्यावर मी चेन्नई सोडून इथे आले ती तिच्यासाठी, हे तुला ठाऊक आहे. तू आमच्याकडे जेवायला आलास त्या दिवशी ती सकाळपासून स्वयंपाकघरात होती आणि मला आत येऊ देत नव्हती. आणि तू आल्या आल्या काय मागितलंस? चहा! कुंभकोणम्‌मध्ये, कॉफीच्या गावात, आमच्या घरात, आईच्या, गंगाबाईंच्या समोर चहा! चेन्नईत इतकी वर्षं काढून हेच शिकलास का? आमच्या घरात चहाची पूड कधी आलेली नाही. आईने पितळेच्या डवऱ्यात, त्या खोलगट वाटीत, कॉफी आणून ठेवली आणि तू निमूट प्यायलास. मग तुमचं बोलणं. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं तिचं मराठी तुला कुठल्या जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं वाटलं, आणि तुझं तिला रेडिओवरच्या बातम्यांसारखं. दोघे एकमेकांना काय, काय, विचारत होतात आणि मी मधे दुभाषी, मराठीतून मराठीत. उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी पानात पडली तेव्हा तू एकदम ओरडलास, अरे, हे तर आमच्या आजोळचं डांगर! आणि घास घेऊन पुन्हा पानात निरखून बघितलंस, कारण चव तुमची नव्हती. तरी दोनदा मागून घेतलीस. आईने ते बघितलं होतं. तू गेल्यावर म्हणाली, माणूस पोटभर जेवतो.

शशांक, त्या काळी तू चेन्नईहून पुण्याला परत गेलास, तुझं लग्न झालं, संसार झाला. तेव्हा तू काही विचारलं नव्हतंस आणि मीही वाट बघत बसले नव्हते. वाट बघत बसणारी बाई मी नव्हे. मला माझं काम आवडत होतं आणि दिवस भरलेले होते. वहिनी गेल्या तेव्हा तू फोनवर नुसता श्वास घेत होतास आणि मी तुला मशीनच्या नव्या मेमरीबद्दल सांगत राहिले. पण या वेळी तू आठवडाभर ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसलास, आणि तू गेल्यावर जननी त्या खुर्चीवर बसायला आली तर मी तिच्यावर उगाच खेकसले. मग समजलं. मला तू हवा आहेस. हे वाक्य मी खोडणार होते, खोडलं नाही.

तेव्हा उत्तर. लग्न, हो. पुणं, नाही. आईसाठी म्हणून नाही म्हणतेय असं समजू नकोस. तिच्यासाठी तर आहेच, पण माझ्यासाठीही आहे. तुला वाटलं, हीही मराठी, मीही मराठी, उचलून पुण्याला नेली की चालू लागेल. तुझ्या त्या पॅकेजांसारखं. आमचे पूर्वज तिथून आले असतील, पण मी इथे घडलेय. मला रस्त्यावर तमिळ लागतं आणि घरात आईचं मराठी, सकाळी इडलीबरोबर मूगडाळ-बटाट्याचा कडप्पा लागतो, आणि महामहम्‌च्या तलावाला संध्याकाळी एक फेरी मारली नाही तर माझं डोकं चालत नाही. तू ये. जसाच्या तसा येऊन चालणार नाहीस, थोडा इथे नव्याने बांधावा लागशील, वेळ जाईल, मी राखून ठेवलाय. आणि पुणं बंद कर असं मी म्हणणार नाही. तुझं घर, तुझी लेक कविता, तिची पोरं, सगळं आपल्या जागी चालू राहू दे. हवं तेव्हा जा, मीही सुट्टीला येईन. कविताला मात्र तूच सांग, मला तिची भीती वाटते.

इथपर्यंत लिहिलं आणि आज दुपारी जेवणं झाल्यावर सगळंच्या सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. कागदावर लिहिलं ते यासाठी, आणि इतकं सोपं करून लिहिलं तेही साहेबांसाठी नव्हे, तिच्यासाठी. तिच्यासमोर बसून, आई, मला लग्न करायचंय, असं म्हणायची माझी छाती झाली नाही, या वयातही. लिहिलेलं वाचता आलं. ते न खोडलेलं वाक्य वाचताना अडखळले, तर तिने पाण्याचा लोटा पुढे सरकवला. वाचून झाल्यावर मी म्हटलं, आई, आमचा नियम तू ऐकलास ना, आता तू काय ऐकलंस ते परत म्हण. ती पदराच्या टोकाला पीळ घालत बसली. मला वाटलं, संपलं सगळं. मग म्हणाली, तो इकडे यायचा. त्याला हिस्सा काढून द्यायचा. मागच्या खोलीतले तांदळाचे डबे माझ्या खोलीत आणून ठेव. तुझ्या अप्पांची आरामखुर्ची तिथेच असू दे, त्याला बसायला होईल. एवढं म्हणून ती पडायला गेली, आणि दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाली, बाजारात जाशील तेव्हा चहाची पूड आण. मी तिथेच बसून रडले रे. पूड आणलीय, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलीय. आता तू हे वाच, फोन कर आणि शब्दाला शब्द परत म्हण. माझं बोट एंटरवरच आहे.

आई ऐकतेय, तरीही तुझीच,
शिवकामी