वजा एक

सोमवार, ४ ऑगस्ट

श्रावणी सोमवारीच भूमला बिऱ्हाड आलं. महादेवाच्या मनात तेच असेल. अणदूरहून टेम्पोत संसार चढवला, एक बशी फुटली तेवढीच. रामहरी शेठच्या खव्याच्या कोल्ड रूमवर यांना मॅनेजरकी मिळाली. फाटकाच्या फळ्यावर खडूनं यांचं नाव लिहिलंय, शांतलिंग. मी तीनदा वाचलं. राहायला वर दोन खोल्या, नळाला पाणी. आणखी काय पाहिजे?

मलाही काम लागलं. रोज दुपारी कोल्डमध्ये जाऊन खव्याचे ट्रे मोजायचे आणि या वहीत आकडा मांडायचा. गावाकडं बचत गटाची वही मीच ठेवायचे, ते शेठनं ऐकलं होतं. वही मागच्या सालची आहे, वार खोडून वापरते. कोरी पानं टाकवत नाहीत.

बुधवार, ६ ऑगस्ट

शेठची भाची अक्षदा पुण्याहून आलीय, कॉम्प्युटर इंजिनिअर. कोल्डचं दार आपोआप चालवायचं तिचं काम चालू आहे. आत माणूस असेल तर दार बसणार नाही. कुणी नसेल तर घट्ट बसून कुलूप लागेल, म्हणजे गारवा वाचेल. मग बाहेरच्या बटणानंच उघडायचं. आतला खटका शेठनं काढून टाकला, तिथून गारवा जायचा म्हणे.

तिच्या प्रोजेक्टात कॉम्प्युटरच्या तीन भाषा आहेत. पायथन कॅमेऱ्यातून माणसं बघते, लुआ मोजते, सी कुलूप फिरवते. एका दाराला तीन भाषा कशाला, विचारलं तर हसली. म्हणाली, काकू, तुम्ही आईशी फोनवर कानडी बोलता, माझ्याशी मराठी आणि भंगारवाल्याशी हिंदी, पण घर एकच ना? पटलं मला. पोर हुशार आहे. तिला शेंगांची पोळी दिली.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज तिन्ही भाषा एकत्र जोडल्या. कालपर्यंत एकेक वेगळी चालवून बघत होती, सगळं बरोबर होतं. जोडल्यावर कोल्ड रिकामी असताना बाहेरच्या स्क्रीनवर आकडा आला एक.

अक्षदा म्हणते, बाकीच्या दोघी शून्यापासून मोजतात, लुआ एकापासून, तिथंच सांधा चुकला असेल. शून्यापासून मोजायचं ऐकून मला हसू आलं. आत एक आहे असं समजून दार काही बसेना.

सोमवार, ११ ऑगस्ट

दोन दिवस तिनं जेवणाकडं बघितलं नाही. एकेकटी चालवली तर कुठलीच भाषा कुणाला बघत नाही. तिन्ही जोडल्या की एक.

कॅमेरा प्रत्येक माणसाभोवती हिरवी चौकट काढतो. रिकाम्या खोलीत मागच्या भिंतीशी एक चौकट दिसते, खाली बसलेल्या माणसाएवढी. आम्ही दोघी आत जाऊन आलो. नुसती भिंत.

दार बसत नाही म्हणून चाळीस ट्रे आंबले. शेठ फाटकापाशी सगळ्यांसमोर यांना म्हणाले, शांतलिंग, गुरुवारपर्यंत दार बसलं तर ठीक, न्हायतर टेम्पो बोलावून घ्या. हे खाली मान घालून उभे होते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मीच सांगितलं. रोज तीच चूक येत असेल तर तेवढी वजा करून पुढं जावं, बचत गटात आम्ही तसंच करायचो. अक्षदा तयार होईना. म्हणाली, काकू, तो एक कुठून येतो ते कळल्याशिवाय वजा करू नये. मी म्हणाले, बाई, आमचं छप्पर त्या एकावर टांगलंय.

शेवटी तिनं आकड्यातून एक वजा करायची ओळ घातली. स्क्रीनवर शून्य आलं. दार खाडकन बसलं. शेठनं पेढे वाटले. संध्याकाळच्या एसटीनं ती पुण्याला गेली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आकड्यातून वजा झालं, चौकट तशीच आहे. भिंतीशी नाही आता, मधल्या रॅकशी. आणि उभी.

मी आत गेले की आकडा एक होतो, दार उघडं राहतं. पण हे बाहेरून सांगतात, तुझ्या चौकटीमागं दुसरी चालते. वर हसतात, मॅट्रिक पास बाई अन् हिरव्या रेघांना भ्यायला लागली व्हय! अक्षदाला फोन केला. ती हसली नाही. म्हणाली, शनिवारी चारला येते, ती ओळ काढून टाकते, तोवर आत जाऊ नका.

पण आकडा रोज द्यावा लागतो. शेठ विचारतात.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

विभूती लावून गेले. पंचाक्षरी म्हणत मोजले. परत आल्यावर स्क्रीन बघितली, चौकट आतून दाराशी उभी होती. पट्टी घेऊन मोजली. मी दाराशी उभी असतानाची माझी चौकट कालच यांच्याकडून मोजून घेतली होती.

उंची तीच. रुंदी तीच.

यांना सांगितलं नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

ट्रे दोनशे बारा.

दार बसलं. मी आत आहे आणि दार बसलं. दाराच्या काचेतून समोरची स्क्रीन दिसते. शून्य.

मी एक, ती एक. दोनातून एक वजा, एक उरायला पाहिजे. शून्य कधी येईल? आत एकटीच असेल तर.

म्हणजे ती आत नाही. मी आत शिरताना ती बाहेर—

फोन वर राहिला. कॅमेऱ्याच्या वायरीच्या भोकातून बाहेरचं ऐकू येतं. भोकाला तोंड लावून ओरडले. हे समोर खुर्चीत बसलेत. मान वळवली नाही.

बोटं वळत नाहीत. ॐ नमः शिवाय. ॐ नमः—

हे कुणाशी तरी बोलतायत. माझ्या नावानं हाक मारून. चहा मागतायत.

अक्षदा आली. आली! म्हणाली, काकू, तुमचे हात किती गार पडलेत.

माझे हात न्हायत ते—

काच बडवली. हे आले, काचेला नाक लावून बघितलं. माझ्या डोळ्यांत. मागं वळून म्हणाले, आत कुणी न्हाय.

अक्षदानं लॅपटॉप उघडलाय. ती ओळ काढायला बसली. काढ. आकडा एक होईल, दार उघडेल. काढ बाई—

माझाच आवाज. बाहेर. म्हणतोय, राहू दे ग, बरोबर चाललंय, कशाला हात लावतेस?

अक्षदा थांबली. स्क्रीनकडं बघतेय. दाराशी माझी चौकट दिसत असेल तिला. दिसतेय ना? अक्षदा, ती चूक न्हाय, मी—

लॅपटॉप मिट