वुल्झलीचा डॅशबोर्ड

३ मार्च १९८८, कॉव्हेंट्री
आज माझ्या जुन्या वुल्झली गाडीचा डॅशबोर्ड पूर्ण उघडला. मागे वायरींचं जंजाळ आणि अकरा सुटे भाग, नाव एकावरही नाही. दोन आठवड्यांत सगळे ओळखून परत बसवणार. बायको, डोरीन, म्हणाली, सिरिलला विचार. माझ्या या थोरल्या भावाने तीस वर्षं कारखान्यात हेच डॅशबोर्ड जोडले, मान्य. पण आईच्या अंत्यविधीला तो चारचौघांत म्हणाला होता की मला हातोड्यापलीकडे काही धरता येत नाही. त्यानंतर सहा वर्षं बोलणं बंद. गाडी चालू करून त्याच्या दारात उभी करीन. बोलायची गरजच नाही.

९ मार्च
सात ओळखले. निदान पाच तरी नक्की.

२० मार्च, दुपार
पत्र्याच्या दोन डब्या उरल्या. गोल डबी इंडिकेटर लुकलुकवणारी. चौकोनी बहुधा कुणीतरी मागाहून घुसवलेली. काढून बाजूला ठेवली. भाग कमी, कटकट कमी.

संध्याकाळी ५
तापमानाचा काटा थेट बॅटरीला जोडला. झपकन टोकाला गेला. फार बरं वाटलं. मग धूर. जुना माल, दुसरं काय.

६ एप्रिल
डोरीन सिरिलला भेटून आली. त्याला माणसं आठवेनाशी झालीत म्हणे, वृद्धाश्रमात हलवलंय. म्हणाली, "आत्ताच जा. नंतर जाऊन उपयोग नाही." हिला प्रत्येक गोष्टीची घाई. सिरिल पहिल्यापासून सोंगाड्या. मेमध्ये गाडी घेऊनच जाईन.

१७ मे
वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. कुठला रंग कशाचा, तो कागद सापडत नाही. पेट्रोलचा काटाही जळला. एकूण प्रगती चांगली.

१२ जून
डोरीनने सकाळी सगळे भाग बिस्किटांच्या डब्यात भरले आणि माझा कोट पुढे केला. बसने गेलो. केवळ तांत्रिक कामासाठी.

सिरिल खिडकीशी बसला होता. निम्मा उरलाय. मी डबा उघडला. त्याने चौकोनी डबी उचलली, अंगठ्याने पुसली. "हा स्टॅबिलायझर. बॅटरीचा जोर आवरून काट्यांना देतो. हा काढला की काटे जळतात." पाच मिनिटांत अकराही भागांची नावं सांगितली. मी लिहून घेतली.

मग त्याने विचारलं, "तुम्ही कारखान्यातले का?"

मी हो म्हटलं.

"माझा धाकटा भाऊ यायचाय. मी त्याला एकदा फार लागेल असं बोललो. बाहेर दिसला तर सांगा, मी वरच्या मजल्यावर आहे."

सांगतो म्हटलं. डबा बंद केला, उठलो. त्याने उठून हात मिळवला, पाहुण्याशी मिळवतात तसा.

खाली डोरीन थांबली होती. ओळखलं का, म्हणाली. मी म्हटलं, सगळे भाग ओळखले.