आईच्या खाटेखालचा कापूस

प्रिय आई,

आज डोणगावहून तुझा भाचा संतोष आला होता. वामनमामांना अर्धांगवायूचा झटका आलाय, उजवी बाजू गेली. तुला दिलं होतं त्या मूळपेशींच्या इंजेक्शनचा पत्ता त्याला हवा होता. म्हणाला, "आत्याचा हात त्यानंच आला ना दादा? म्हून आम्ही बाबाचा व्यायाम बंदच करून टाकला."

फाइल काढायला तुझ्या खाटेखाली वाकलो, तर मागे तुझ्या जुन्या लुगड्याचं गाठोडं. ते सोडलं आणि लाजेनं मान वर होईना, म्हणून लिहितोय.

आठवतं, मी बीटी कापसाचं बियाणं पहिल्यांदा आणलं तेव्हा? पिशवीत साध्या बियाण्याची छोटी पुडी होती, बोंडअळी बीटीला सरावू नये म्हणून कडेनं लावायला. मी ती भिरकावली. "देल्ली त कामाची असंन ना. काऊन फेकून राह्यला?" तू विचारलंस. "बियाण्यातच औषध आहे, तुला काय कळतं!" किती तोऱ्यात म्हणालो मी! पुढे बोंडअळी आली, तरी तू त्या पुडीचा विषय काढला नाहीस. काढायचास की एकदा!

तुला पहिला झटका आला तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या पेशींनी मेंदूची सूज कमी होते का, यावर अजून संशोधन चालू आहे. बोटांचा व्यायाम सोडू नका." मी अर्धंच ऐकलं. शहरातून तुला इंजेक्शन देऊन आणलं, आणि व्यायाम म्हणून आजारी हातानं तू ज्यातली बोंडं वेचत बसायचीस, ती टोपलीच उचलून ठेवली.

हळूहळू हात आला. मी गावभर इंजेक्शनचं कौतुक सांगितलं. तूही म्हणायचीस, "हाव, दिनूच्या इंजेक्शननंच आला." दुसऱ्या झटक्यात तू गेलीस, तरी मी तेच सांगत राहिलो. त्या इंजेक्शननं काही केलंही असेल. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही एवढंच मी कुणाला सांगितलं नाही.

गाठोड्यातला खालचा कापूस नुसता काडीकचरा. मधला जरा बरा. वरचा पांढराशुभ्र, वाळल्या पानाचा एक कण नाही! मी शेतात गेल्यावर रोज त्याच हातानं चोरून वेचत होतीस? बोंडं कोण आणून देत होतं? मला खोटं पाडायचं नाही म्हणून लपवलंस ना? पाडायचंस गं आई!

संतोषला मी "फाइल सापडत नाही" म्हणालो. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

उद्या पहिल्या एसटीनं डोणगावला जातो. हे गाठोडं मामांसमोर सोडून खालपासून वरपर्यंत दाखवतो. टोपलीभर बोंडं त्यांच्या उजव्या हाताशी ठेवतो आणि पहिलं बोंड ते वेचेपर्यंत तिथून उठत नाही.

तुझा, अर्धंच ऐकणारा,
दिनू