उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

पिपलानी, भोपाळ
मार्गशीर्ष

प्रिय मंदू,

पाकिटावर नाव तुझं आहे, पण हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये जन्मलात आणि आता पुण्या-बंगळूरला स्वतःची घरं घेऊन बसलात, त्या सगळ्या मुलांना. तुमचं-आमचं दुखणं एकच. आपल्याला क्वार्टरचा नंबर मिळाला, घर मिळालं नाही. भिंतीत खिळा ठोकायचा तर सिव्हिलच्या ऑफिसात अर्ज, आणि रंग काढायची वेळ आली की कुणाला न विचारता तोच पिवळट चुना. तुझ्या बापाची उमर कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात गेली. निवृत्तीनंतर भाड्यावर राहू दिलेलं हे क्वार्टरसुद्धा मार्चअखेर रिकामं करा, अशी नोटीस परवा दाराला चिकटवून गेले. माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीला पाठ टेकून का जगायचं? बघ, पहिल्याच परिच्छेदात मी माईक हातात घेतला. कारखान्याच्या गेटवर युनियनची भाषणं करण्यात केस पांढरे झाले, सवय कशी जाईल! पण आज भाषण नाही. आज मला तुला एक नवल सांगायचं आहे.

दसऱ्यानंतर कम्युनिटी हॉलमध्ये निवृत्तांच्या सोसायटीची सभा झाली. मंडीदीपच्या रस्त्याला सोसायटीने जागा घेतली आहे, तिथे बिल्डर इमारत बांधणार आहे, एवढं तुला फोनवर सांगितलं होतं. त्या दिवशी बिल्डरच्या माणसाने पडद्यावर एक चित्र दाखवलं. नव्या फ्लॅटमधला हॉल. थंडीतली दुपार, खुर्चीवर टाकलेली शाल, बाल्कनीच्या दारातून आत आलेलं ऊन थेट जेवणाच्या टेबलापर्यंत पसरलेलं, आणि त्या उन्हात चहाची वाफ. शेजारच्या लीलावतीबाईंनी विचारलं, "भैया, ये फोटो कौन से मकान का है?" तो म्हणाला, "फोटो नहीं है माताजी, ये मकान तो अभी बना ही नहीं." मी, सुमित्रा, जिला गप्प बसवायला तीन जनरल मॅनेजर कमी पडले, ती त्या चित्रापुढे तोंड उघडं टाकून बसले. सेक्रेटरी यशवंतराव तिथेच म्हणाले, "अक्का, संमतीच्या सभेत तुम्हीच बोला. तुम्ही बोललात की लोक सही करतात." मी हो म्हणाले.

आणि मी हट्टाला पेटले. लोकांना दुसऱ्याचा सोफा कशाला दाखवायचा? आपल्या नरहरची, तुझ्या बाबांची खाट, आपलं कपाट, आपलं देवघर त्या नव्या हॉलमध्ये मांडून दाखवू. तू पुण्यात हेच, न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायचं काम करतेस हे ठाऊक होतं, पण तुला विचारायचं नाही असं ठरवलं. तू ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरवर मी शिकायला बसले. व्हिडिओतला कानपूरचा शिकवणारा "दोस्तों, बहुत आसान है" म्हणाला, आणि त्या एका वाक्यापायी मी महिनाभर त्याला शिव्या दिल्या. आधी सरावासाठी आपल्याच क्वार्टरची ही खोली बांधायला घेतली, कारण ती टेप लावून मोजता येते. पहिलं चित्र निघालं ते काळंकुट्ट. रात्र झाली म्हणावं तर चंद्रही नाही. दोन दिवसांनी कळलं की कॅमेरा मी भिंतीच्या आत उभा केला होता. मग खोली दिसली, पण नरहर मागून म्हणाला, "अक्का, हे घर आहे की कम्युनिटी हॉल?" मी फुटांचे आकडे मीटर म्हणून भरले होते. ते निस्तरलं तर छताच्या कोपऱ्यात, जिथे खिडकी नाही, दार नाही, तिथे उजेडाची एक रेघ. कितीही खटपट केली तरी जाईना. शेवटी उमगलं, मी भिंती कागदासारख्या बांधल्या होत्या, त्यांना जाडीच नव्हती, म्हणून ऊन सांध्यातून आत झिरपत होतं. नऊ इंची विटांची जाडी दिली आणि रेघ नाहीशी झाली. मंदू, मी हसत सुटले. उभं आयुष्य आपण भिंती पाडायची भाषा केली, आणि उतारवयात भिंत जाड कशी करायची हे शिकलो!

यापुढचं तुला रोजचं आहे, म्हणून तू त्याकडे बघतही नसशील. मला मात्र झोप लागेना. ते यंत्र चित्र रंगवत नाही गं. ते किरण सोडतं. किरण भिंतीला आपटतो, थोडा भिंतीत मुरतो, उरलेला फरशीवर येतो, तिथून छतावर. असे असंख्य किरण, आणि आधी वाळूसारखी खरखरीत दिसणारी खोली हळूहळू निवळत जाते, गढूळ पाणी निवळावं तशी. मी भिंतीला शुभ्र पांढरा रंग दिला होता, तर खोली दवाखान्यासारखी दिसे. शिकवणारा म्हणाला, जगातली कुठलीच भिंत अंगावर आलेला सगळा उजेड परत करत नाही. मी पांढरा थोडा मळवला आणि खोलीत एकदम जीव आला. मग दिसलं की भिंतीचा खालचा पट्टा गुलाबी झालाय. मी तो रंग दिलाच नव्हता! चूक शोधत बसले. तेवढ्यात नरहर म्हणाला, "कॉम्प्युटर सोड, इकडे भिंत बघ." वळून पाहिलं तर खरंच, आपल्या खऱ्या भिंतीवर, लाल कोब्याला लागून, हातभर उंचीचा गुलाबी उजेड पडला होता. कोब्यावरचं ऊन भिंतीवर चढलं होतं. पस्तीस वर्षं या खोलीत राहिले, इतकी पुस्तकं वाचली, दूर देशांतल्या चित्रकारांनी जन्मभर एकाच खिडकीपुढे बसून उजेड कसा ओळखला त्याबद्दल तासतासभर बोलले, आणि माझ्याच भिंतीवरचा गुलाबी रंग मला कधी दिसला नव्हता.

त्यानंतर मी त्यात भोपाळ घातलं, तारीख घातली, नकाशावरची उत्तर दिशा घातली. सूर्य आपोआप जागेवर जाऊन उभा राहिला. भरदुपारचं चित्र काढलं, पडद्यावर उन्हाचा तुकडा नरहरच्या खुर्चीच्या पुढच्या पायाला टेकलेला. मी खोलीत खुर्ची नेमकी तिथे ठेवली आणि आम्ही दोघं बसून राहिलो. ऊन सरकत सरकत आलं आणि ठरल्या वेळी खुर्चीच्या त्याच पायाला टेकलं. नरहरने वाकून खुर्चीच्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाला, "अक्का, हे यंत्र तुझ्यापेक्षा खरं बोलतंय." मी देव मानत नाही हे तुला माहीत आहे. पण त्या दुपारी हात जोडावेसे वाटले. कुणापुढे जोडायचे ते कळलं नाही, एवढंच.

मग मी नवा फ्लॅट बांधायला घेतला. सोसायटीने वाटलेला नकाशा समोर ठेवला, तीच उत्तर, तेच भोपाळ, डिसेंबर, दुपार. चित्र निघालं ते मळभ आल्यासारखं. उजेड होता, ऊन नव्हतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. भिंतींची जाडी पाहिली. मापं पाहिली. दाराच्या काचेने ऊन अडवलं असेल म्हणून काच काढून टाकली. किरण वाढवले, तर कॉम्प्युटर तापून बंद पडला आणि चित्रभर पांढरे ठिपके उमटले. तेही घालवले, खोली काही उजळेना. शेवटी यशवंतरावांच्या घरी बिल्डरचा माणूस आला होता, त्याला दाखवलं. तो हसून म्हणाला, "मैडम, आपकी सेटिंग गड़बड़ है. हमारा तो पूना के बड़े स्टूडियो से बनवाया है." तिथे जमलेले लोकही हसले. यशवंतराव म्हणाले, "अक्का, तुम्ही अजून शिकताय." ते खरंच होतं. घरी येऊन, निव्वळ रागाने, मी सूर्य उचलला आणि फिरवला. पूर्वेला, पश्चिमेला, आणि मग अर्धा फेरा घेऊन थेट उत्तरेला. मंदू, खोली उजळली! ऊन टेबलापर्यंत आलं. चहाच्या कपाची सावलीसुद्धा त्या चित्रातल्यासारखी पडली. क्षणभर मला आनंदच झाला, जमलं म्हणून. मग भानावर आले. भोपाळात डिसेंबरच्या दुपारी सूर्य उत्तरेला कुठून येणार? रस्ता उत्तरेला म्हणून बिल्डरने सगळे हॉल उत्तरेला काढले, आणि दक्षिणेला दिले जिने आणि संडास. उन्हाळ्यात अशी खोली थंड राहते, हे मलाही मान्य आहे. तर मग थंड म्हणून दाखवा, लोकांना पटलं तर घेतील. पण ज्या उन्हाच्या भरवशावर लीलावतीबाई आत्तापासून वडी-पापडांची जागा ठरवताहेत, ते ऊन त्या बाल्कनीत सबंध हिवाळ्यात एकदाही येणार नाही.

रागाच्या भरात मी बिल्डरने सभेत वाटलेलं ते छापील चित्र भिंग घेऊन पाहिलं. काय काय खोटं आहे ते एकेक करून शोधणार होते. बाल्कनीच्या दाराशी एक स्टूल आहे. त्याच्या फळीवर पुसट बाण आणि अर्धी छत्री. परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून आली त्यांच्या लाकडाचं, नरहरने केलेलं, एक पाय किंचित आखूड असलेलं ते स्टूल. तू त्यावर बसून पाढे म्हणायचीस. जगात दुसरं असं स्टूल नाही. तू फोनवर म्हणाली होतीस, "आत्या, भोपाळचंच एक छोटंसं काम होतं, झालं." ते काम कसलं, हे मी कधी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. चित्रातल्या स्टूलच्या पायाखाली तू कागदाची घडीसुद्धा घातली आहेस, आपण घालायचो तशी. मी भिंग खाली ठेवलं. इतक्या मायेने केलेली वस्तू मी फार थोडी पाहिली आहे.

मला माहीत आहे, सूर्य तू आपल्या मनाने फिरवला नसशील. तुझे साहेब म्हणाले असतील, ऊन आत आण, आणि तुझ्याकडे प्लॉटचा नकाशा आलाही नसेल. मी स्वतः तो फिरवला आहे, किती सहज फिरतो आणि फिरल्यावर किती छान वाटतं ते मला कळलं आहे. म्हणून तुझ्यावर चिडलेली नाही. पण तुला एक गोष्ट कुणीच सांगणार नाही, ती सांगायला हे पत्र आहे. नरहरला सगळं कळलं आहे. स्टूल त्याने माझ्या आधी, सभेतच ओळखलं, आणि ते चित्र तेव्हापासून त्याच्या उशीशी आहे. थंडीत त्याची बोटं आता मिटत नाहीत. तासभर उन्हात बसल्याशिवाय शर्टाची बटणं लागत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला तो लावू देत नाही. त्याला मी दोन्ही चित्रं दाखवली. तो म्हणाला, "अक्का, माझ्या पोरीचं चित्र खोटं आहे असं तू माईकवर म्हणायचं नाही. मी सही करणार. स्वेटर घालून बसेन, मला काय होतंय?" तुझं नाव टाउनशिपच्या तोंडी येऊ नये म्हणून हा माणूस उरलेले सगळे हिवाळे सावलीत काढायला तयार आहे, मंदू. मी नाही. इतक्या घरांचं ऊन एका नावापायी मी जाऊ देणार नाही, मग ते नाव माझ्या मांडीवर वाढलेलं का असेना. रविवारी संमतीच्या सभेत मी बोलणारच. पाया अजून खणलेला नाही, नकाशा उलटवून हॉल दक्षिणेला घेता येतात. पण माझं चित्र दाखवलं तर लोक हसतील, आणि तुझं खोटं ठरवलं तर नरहर उठून निघून जाईल. म्हणून हे काम तूच कर. साहेबांचा राग ओढवेल, कदाचित नोकरीवरही येईल, हे जाणून मागते आहे. तीच खोली उघड, त्यातलं काहीही हलवू नकोस, फक्त उत्तर दिशा सोबत जोडलेल्या नकाशाप्रमाणे लाव, डिसेंबरची दुपार घाल, आणि जे चित्र निघेल ते खाली तुझं पूर्ण नाव लिहून शनिवारच्या आत तुझ्या बाबांच्या फोनवर पाठव.

तुझीच,
सुमित्रा आत्या