अठराने जड

नागपूर, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे? दिपालीवहिनीले सातवा लागला ना? मी मजेत. मेसच्या वरणात डाळ शोधून राहिली.

फोनवर तू 'हो हो' करून ठेवून देतो आणि बाबा स्पीकर लावतात, म्हणून हे पत्र. होस्टेलमधली छाया आज सौसरले निघाली, तिच्याजवळ दिलं. एकटाच वाचजो.

दिवाळीत आणलेल्या आपल्या संत्र्यांचा रस मी लॅबमधल्या औषध शोधायच्या मशीनवर लावला होता. काहीच निघालं नाही म्हणून मीच फोन केला, अन् बाबांनी सौसरभर सांगितलं, "पोरीनं तपासली आमची संत्री!"

आता ऐक. त्या मशीनची नक्कल कॉम्प्युटरवर चालवणं हे माझं काम. आत फवारणीच्या औषधाचे आयन वायूवर आपटतात, फुटतात, अन् तुकड्याच्या वजनावरून औषध ओळखतात. माझ्या नकलेत वायू नुसता धक्का देत होता. पण खऱ्या वायूत थोडी ओल असतेच. म्हणून मी टकरीसोबत रिअ‍ॅक्शनही टाकली. तर काय बाप्पा, तुकडा पाणीच धरून बसला! पाण्याचं वजन अठरा, म्हणून अठराने जड झाला. आम्ही जुन्या वजनावर शोधून राहिलो होतो, हा शेजारच्या घरात. नाचली मी! मग आपला रस पुन्हा लावला अन् अठरा पुढं पाहिलं.

तिथं होता तो तुकडा, दादा. आपल्या संत्र्यात औषध आहे. किती आहे ते अजून मोजायचं आहे.

पंपघरामागची बिनलेबलची निळी कॅन मी दिवाळीतच पाहिली होती. विचारलं तर "जुनी आहे" म्हणाला तू. तोडीच्या तोंडावर त्यातलं औषध काहून मारलं रे? इतका राग येऊन राहिला की अक्षरंही वाकडी येऊन राहिली. पण रिपोर्ट साफ आला म्हणून तुलेही हायसं वाटलं असेल. अन् "खा वहिनी, बिनधास्त खा," हे मीच म्हटलं होतं. त्यानं मले झोप नाही.

आधी वहिनीच्या हातातलं संत्रं घे. तिले डॉक्टरकडे ने, कॅन सोबत ने. मग बाबांना सांग अन् तोड थांबव. गुरुवारी व्यापाऱ्याची गाडी यायच्या आधी मी पहिल्या बसनं येते म्हणजे येतेच. तोवर तू बोलला नसला तर मी बोलीन, वहिनीसमोर.

भाऊबीजेले ताटात काहीच टाकलं नाही तू. म्हणाला, "काय पाहिजे ते माग." आता मागून राहिली.

ओवाळणीची वाट पाहणारी,
तुझी उर्वशी